नाळरक्ताधान, नवजात अर्भकांचे
नाळरक्ताधान : मूल जन्मल्यानंतर नाळ आणि वार यांत मागे राहिलेले रक्त गोळा करून ते रुग्णाच्या शरीरात घालण्याच्या क्रियेस नाळरक्ताधान म्हणतात. हे रक्त ज्याचे त्याच अर्भकास परत दिले, तर ते स्वरक्ताधान होय व दुसऱ्या अर्भकास किंवा मोठ्या माणसास दिले, तर ते पररक्ताधान होय. या पद्धतीचा इतिहास सु. नव्वद वर्षांचा आहे. त्यात ती दोनदा मागे पडली आणि दोनदा निराळ्या कारणांसाठी पुढे आली. वैद्यकातील पुष्कळ उपचार अपायकारक ठरल्यामुळे मागे पडले. नाळरक्ताची गोष्ट तशी नाही. या रक्तावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न येथे प्रत्येक टप्प्यावर आडवा आलेला दिसतो.

वार आईच्या गर्भाशयात वाढते, म्हणून तिच्यातील रक्तही आईचेच असावे असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. वस्तुतः आईचे आणि गर्भाचे रक्त पातळ पटलाने एकमेकांपासून वेगळे राहते. ऑक्सिजन, पोषक द्रव्ये व त्याज्य द्रव्ये यांची देवघेव त्या पटलातून होते. नाळेतील दोन रोहिण्या आणि एक नीला यांतून वाहणारे रक्त संपूर्णपणे गर्भाचे असते. पूर्ण दिवस भरलेल्या अर्भकाच्या शरीरात वजनाच्या दर कि.ग्रॅ.मागे सु. ८० मिलि. रक्त असते. म्हणजे ३ कि.ग्रॅ. वजनाच्या मुलाच्या अंगात साधारण पाव लिटर रक्त असते. जन्मक्षणी वारेत सु. ८० ते १०० मिलि. रक्त असते. नाळ लगेच न बांधता ठेवल्यास त्यातील बराचसा भाग दोन ते तीन मिनिटांत मुलाकडे वाहून जातो. नाळेस ताबडतोब चिमटा लावल्यास ते रक्त वारेतच अडकते. नाळरक्ताधानासाठी मिळणारे रक्त ते हेच.

नाळ केव्हा व कशी कापावी याविषयीचे विवेचन जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नाळ आठ अंगुळे मोजून सूत्राने बांधावी, मग कापावी व त्या सूत्राचे टोक बालकाच्या गळ्यात बांधावे, असा विधी सांगितला आहे. महाराष्ट्रात वार पुरण्याची चाल सर्वपरिचित असून नाळ पुरलेली जागा म्हणजे जन्मभूमी असा वाक्प्रचारही रूढ आहे. मात्र वारेत उरलेल्या रक्ताचा मुलाला काही उपयोग असेल, हा विचार स्पष्टपणे मांडलेला आढळतो तो पुष्कळ नंतर. इंग्रज वैद्य इरॅस्मस डार्विन (उत्क्रांतिवादाचे प्रवर्तक चार्ल्स डार्विन यांचे आजोबा) यांनी १८०१ मध्ये आपल्या झूनॉमिया या ग्रंथात लिहिले की, नाळ फार लवकर बांधून कापणे मुलास अत्यंत अपायकारक असते, कारण मुलाच्या अंगात जावयाचे रक्त त्यामुळे वारेतच राहते. हे विधान निरीक्षणावर आधारलेले होते. त्याला मोजमापाची जोड पॅरिसमधील प्रसूतितज्ञ प्येर ब्यूदँ यांनी १८७५ च्या सुमारास दिली. नाळ तत्काळ बांधली असता आणि ती स्पंदन थांबल्यावर बांधली असता वारेत किती रक्त उरते, हे त्यांनी प्रत्यक्ष मोजले. दोहोंत सु. ९० मिलि. एवढा फरक त्यांना आढळला. पुढील दीडशे वर्षांच्या वादाला लागणारा मूळ आकडा अशा रीतीने तेव्हाच उपलब्ध झाला होता.

नवजात अर्भकाच्या रक्ताधानाचा इतिहास मात्र नाळेपासून सुरू झाला नाही. लंडनचे प्रसूतितज्ञ जेम्स ब्लंडेल यांनी १८१८ मध्ये मनुष्याचे रक्त मनुष्यास देण्याचा प्रयोग केला व त्यानंतर प्रसूतीत अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रियांसाठी ही पद्धत वापरली. अर्भकाच्या बाबतीत अडचण निराळी होती. त्याच्या नीला अतिशय बारीक असतात आणि बाहेर काढलेले रक्त काही मिनिटांत साखळते. १९०८ मध्ये न्यूयॉर्क येथे ॲलेक्सिस कॅरेल यांनी केलेले रक्ताधान या दृष्टीने प्रसिद्ध आहे. एका शल्यचिकित्सकांच्या काही दिवसांच्या मुलीस आतड्यातून सतत रक्तस्राव होत होता आणि ती मरणोन्मुख झाली होती. कॅरेल त्या वेळी रक्तवाहिन्या एकमेकींना टाके घालून जोडण्याचे तंत्र प्राण्यांवर विकसित करीत होते. त्यांनी वडिलांच्या मनगटाजवळील रोहिणी मुलीच्या गुडघ्यामागील नीलेस जोडली आणि वडिलांचे रक्त सरळ मुलीच्या अंगात जाऊ दिले. पांढरीफटक पडलेली मुलगी हळूहळू गुलाबी झाली व वाचली. किती रक्त गेले हे मोजण्याची सोय नव्हती; वर्ण पाहून थांबावयाचे एवढेच हाती होते. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला होता [⟶ रक्तगट], तरी रक्त देण्यापूर्वी गट पाहण्याची रीत अद्याप रूढ झाली नव्हती. बापलेकीचे रक्त जुळले हे सुदैवच म्हटले पाहिजे. असा रक्तस्राव के जीवनसत्त्वाच्या अभावामुळे होतो हे १९३० नंतरच्या संशोधनातून कळले. जन्मतः त्या जीवनसत्त्वाचे अंतःक्षेपण देऊन तो आता टाळता येतो.

रक्तवाहिन्या जोडण्याचे कौशल्य मोजक्याच हातांत होते. रक्ताधान सर्वसाधारण वैद्याच्या आवाक्यात आले ते सोडियम सायट्रेटामुळे. १९१४ मध्ये बेल्जियममध्ये आल्बेअर यूस्तँ व अर्जेंटिनात लुइस आगोते यांनी हे क्लथनविरोधी द्रव्य वापरले. १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड ल्युइसन यांनी त्याचे सुरक्षित प्रमाण ठरविले. आता रक्त बाटलीत ठेवता येऊ लागले. ते मिळवावयाचे कोठून, हा पुढचा प्रश्न होता.

या प्रश्नाची सर्वांत धाडसी उत्तरे सोव्हिएट रशियात शोधली गेली. मॉस्को येथील शल्यचिकित्सक सर्गेई यूदिन यांनी मार्च १९३० मध्ये मृत व्यक्तीच्या शरीरातून काढलेले रक्त एका रुग्णास यशस्वी रीत्या दिले. कोणाही जिवंत दात्यास न दुखविता रक्त मिळवावे, ही त्यामागील दृष्टी होती. प्रसूतिगृहात दररोज टाकून दिल्या जाणाऱ्या वारेकडे याच दृष्टीने लक्ष जाणे स्वाभाविक होते. ब्रुस्किन व फार्बेरोव्हा यांनी वारेतील रक्ताच्या आधानाविषयीचा आपला वृत्तांत १९३६ मध्ये रशियन शल्यविज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी कॅनडातील गुडॉल व त्यांचे सहकारी यांनी वारेतील रक्त जमविण्याची व साठविण्याची पद्धत वर्णिली. आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी या रक्तास ‘अक्षय स्रोत’ म्हटले होते. त्याच वर्षी ग्रोडबर्ग व केरी यांनी अमेरिकेत अशा ७५ रक्ताधानांचा आढावा घेतला. १९३९ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश नियतकालिकात पेज, सीगर व वॉर्ड यांचा आणि हालब्रेख्ट यांचा असे या विषयावरील लेख आले. यूरोपावर युद्धाचे सावट होते. रक्ताची गरज वाढणार हे दिसत होते. त्यामुळे या लेखांतील उत्साह समजण्यासारखा आहे.

हा उत्साह फार टिकला नाही. एका वारेतून मिळणारे रक्त मोठ्या माणसासाठी फारच थोडे पडते. एका प्रौढ दात्याच्या बाटलीएवढे रक्त जमविण्यास चार-पाच वारा लागत, म्हणजे तितक्या निरनिराळ्या अर्भकांचे रक्त एका रुग्णास द्यावे लागे. प्रसूतीच्या वेळी नाळेस सूक्ष्मजंतूंचा संपर्क सहज होतो. तसेच हे रक्त लवकर साखळते व त्यात गुठळ्या राहतात. दुसरीकडे बर्नार्ड फँटस यांनी मार्च १९३७ मध्ये शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात रक्तपेढी सुरू केली होती आणि युद्धकाळात ऐच्छिक रक्तदात्यांची मोठी संघटना उभी राहिली. ‘अक्षय स्रोता’ची निकड संपली.

शिवाय एक मूलभूत आक्षेप पुढे आला होता. शिकागो येथील डीमार्श, ऑल्ट, विंडल व हिलिस यांनी १९४१ मध्ये वारेतील रक्तापासून वंचित ठेवल्याने अर्भकावर होणारा परिणाम अभ्यासला. नाळ लगेच बांधलेल्या मुलांच्या रक्तातील तांबड्या कोशिका व हीमोग्लोबिन ही, नाळ उशिरा बांधलेल्या मुलांच्या मानाने जन्मानंतरच्या दिवसांत कमी भरली. यातून निघणारा अर्थ सरळ होता. रक्तपेढीसाठी नाळ घाईने बांधणे म्हणजे बोलता न येणाऱ्या दात्याकडून, त्याच्या एकूण रक्ताच्या मानाने फार मोठे दान घेणे होय. प्रौढ दात्याकडून त्याच्या रक्ताचा दहावा भाग घेतानाही त्याची तपासणी केली जाते. येथे चौथा भाग न विचारता घेतला जात होता. ‘टाकाऊ वस्तूचा उपयोग’ ही १९३० नंतरच्या दशकातील कल्पना या मोजमापापुढे टिकण्यासारखी नव्हती. असे असूनही प्रसूतिगृहांतून नाळ तत्काळ कापण्याची रीत पुढे कित्येक दशके चालूच राहिली. फक्त अडकलेले रक्त आता वारेबरोबर फेकले जाऊ लागले. या विषयाच्या इतिहासातील हा सर्वांत विसंगत कालखंड होय.

त्याच दशकात अर्भकांच्या रक्ताधानास निराळेच वळण लागले. फिलिप लेव्हीन यांचे १९३९ मधील निरीक्षण व लँडस्टायनर आणि वीनर यांचे १९४० मधील संशोधन यांमुळे ऱ्हीसस घटक ज्ञात झाला. ऱ्हीसस-ऋण मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे ऱ्हीसस-धन गर्भाच्या तांबड्या कोशिकांचा नाश करतात आणि मुलास तीव्र कावीळ व रक्तक्षय होतो. यावर उपाय म्हणून मुलाचे रक्त थोडेथोडे काढून त्याजागी दात्याचे रक्त घालण्याची विनिमय रक्ताधान पद्धती अमेरिकेत हॅरी वॉलरस्टाइन व लुइस डायमंड यांनी १९४५ नंतर प्रचारात आणली. डायमंड यांनी नाळेतील नीलेतून नळी सरकवून हे काम सुकर केले. येथे नाळ रक्त देण्याचा मार्ग झाली. तिच्यातील रक्ताचा मात्र उपचार म्हणून काही उपयोग नव्हता. कारण विनिमयासाठी अर्भकाच्या एकूण रक्ताच्या दुप्पट, म्हणजे सु. अर्धा लिटर रक्त लागते आणि मुलाच्या स्वतःच्या वारेतील कोशिका तर त्याच प्रतिपिंडांनी वेढलेल्या असतात. नाळरक्ताचे महत्त्व निदानापुरते उरले. कूम्ब्झ, मूरां व रेस यांनी १९४५ मध्ये शोधलेली चाचणी नाळेतील रक्तावर करून रोग जन्मतःच ओळखता येऊ लागला. १९६८ पासून डी-प्रतिपिंडाचे अंतःक्षेपण मातांना मिळू लागल्यावर जेथे ते पोहोचले तेथे हा रोगच विरळ झाला.

गरज संपली नाही. ती दुसऱ्या अर्भकांकडे सरकली. कृत्रिम श्वसनाची व अतिदक्षतेची साधने आल्यामुळे १९६० नंतर अतिशय कमी दिवसांची व कमी वजनाची मुले जगू लागली. १ कि.ग्रॅ. वजनाच्या अकालजात अर्भकाच्या अंगात जेमतेम ९० ते १०० मिलि. रक्त असते. त्याच्या अस्थिमज्जेची निर्मितिक्षमता अपुरी असते आणि तपासण्यांसाठी दररोज रक्त काढावे लागते. दिवसाला २ मिलि. रक्त काढले, तरी दोन आठवड्यांत त्याच्या रक्ताचा चौथ्या भागाहून अधिक अंश चाचणीनलिकांत जातो. रक्तक्षयाचे एक मुख्य कारण म्हणजे अशा रीतीने उपचारच ठरतो. परिणामी या मुलांना जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत वारंवार रक्त द्यावे लागते.

हे रक्त त्यांचेच असावे, या कल्पनेने नाळरक्ताकडे पुन्हा लक्ष वेधले. १९७९ मध्ये पॅक्सन यांनी गर्भाचे स्वतःचे रक्त वारेतून गोळा करून त्यालाच देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढील काही वर्षांत या कल्पनेस मिळालेला वेग भीतीपोटी होता. डिसेंबर १९८२ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथील एका बालकाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. ऱ्हीसस-विसंगतीमुळे जन्मानंतर त्यास अनेक दात्यांचे रक्त द्यावे लागले होते व पुढे त्यास एड्ससारखा विकार झाला होता. दात्यांपैकी एकास नंतर एड्स झाल्याचे आढळले. त्या वेळी रोगाचा विषाणू सापडलेला नव्हता व रक्ताची चाचणीही नव्हती. दुसऱ्याचे रक्त ही वस्तूच संशयास्पद ठरलेल्या त्या काळात मुलाचे स्वतःचे रक्त हा सुरक्षित पर्याय वाटला, यात नवल नाही.

जर्मनीत आइश्लर, ब्रूने इत्यादींनी, तसेच जपानमध्ये इमुरा व सहकाऱ्यांनी या पद्धतीचा २००० च्या आसपास पद्धतशीर पाठपुरावा केला. ब्रूने यांनी २००३ मध्ये ५२ नवजात अर्भकांवरील अनुभव नोंदविला. गर्भावस्थेतच व्यंग लक्षात आलेल्या आणि जन्मतः शस्त्रक्रिया करावी लागणाऱ्या, पूर्ण वाढीच्या मुलांच्या बाबतीत ही पद्धत उपयोगी ठरते. त्यांच्या वारेतून पुरेसे रक्त मिळते आणि ते केव्हा लागणार हेही आधीच ठाऊक असते. अकालजात मुलांत मात्र ती अडखळते. मूल जितके लहान तितकी वार लहान, नाळेतील नीला बारीक आणि मिळणारे रक्त अल्प. उलट रक्ताची गरज सर्वाधिक त्यालाच असते. नेदर्लंड्समधील लायडन येथील २००८ च्या अभ्यासातही गरजू अकालजात मुलांपैकी थोड्यांनाच त्यांच्या नाळरक्ताचा लाभ देता आला.

मग हे रक्त बाहेर काढून, क्लथनविरोधी द्रव्यात मिसळून, साठवून परत देण्यापेक्षा जन्मतःच मुलाकडे का जाऊ देऊ नये? डार्विन व ब्यूदँ यांचा हा प्रश्न अशा आडवाटेने पुन्हा पुढे आला. नाळ विलंबाने बांधल्यास अकालजात मुलांना लागणाऱ्या रक्ताधानांची संख्या कमी होते, असे अनेक चाचण्यांत दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मधील मार्गदर्शक सूत्रांत, मुलास कृत्रिम श्वसनाची तातडीची गरज नसल्यास जन्मानंतर किमान एक मिनिट नाळ बांधू नये, असे सांगितले. नाळ बोटांनी मुलाच्या दिशेने निपटून रक्त ढकलण्याची रीतही जपानमध्ये होसोनो यांनी अभ्यासली व २००८ मध्ये तिचे लाभ नोंदविले. परंतु २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, २८ आठवड्यांहून कमी दिवसांच्या मुलांत असे निपटल्याने मेंदूतील तीव्र रक्तस्रावाचे प्रमाण वाढल्याचे आढळून त्या गटापुरती चाचणी थांबवावी लागली. रक्त मुलाचेच असले, तरी ते कोणत्या वेगाने आत जाते हेही महत्त्वाचे असते.

दरम्यान नाळरक्ताचे मोल एका वेगळ्याच कारणाने वाढले होते. ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमान यांनी फँकोनी रक्तक्षय झालेल्या एका मुलास त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले. त्यातील मूल कोशिकांपासून, ज्या स्टेम सेल या नावाने अधिक परिचित आहेत, त्या मुलाची अस्थिमज्जा पुन्हा कार्यरत झाली. यानंतर नाळरक्तपेढ्या निघाल्या व त्यांपाठोपाठ व्यापारही आला. स्वतःच्या मुलासाठी नाळरक्त पैसे भरून साठविण्याच्या प्रथेची भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांत शिफारस केलेली नाही. रक्ताधानाशी या विषयाचा संबंध एवढाच की, नाळ लवकर बांधण्यास त्यामुळे एक नवे आमिष मिळाले.

रक्ताची टंचाई असलेल्या देशांत १९३० नंतरच्या दशकातील मूळ कल्पना पूर्णपणे विसरली गेली नाही. कोलकात्यात निरंजन भट्टाचार्य यांनी १९९९ पासून विजयगड येथील शासकीय रुग्णालयात रक्तक्षयाच्या रुग्णांना नाळरक्त देण्यास प्रारंभ केला. २००५ मध्ये त्यांनी १२९ रुग्णांना दिलेल्या ४१३ एककांचा वृत्तांत प्रसिद्ध करून ही पद्धत निर्धोक असल्याचे प्रतिपादन केले. हे रुग्ण बहुतांशी प्रौढ होते व तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून त्यावरून पद्धतीच्या गुणावगुणांचा निर्णय करता येत नाही. केन्यात हॅसॉल व सहकाऱ्यांनी अधिक काटेकोर मार्ग धरला. मोंबासा येथे हिवताप इत्यादींमुळे तीव्र रक्तक्षय झालेली लहान मुले रक्ताअभावी दगावत असत. अशा बालकास लागणारे रक्त थोडे असते आणि ते एका वारेतून मिळू शकते, हा त्यांचा मुद्दा होता. मोठ्या माणसास अपुरे म्हणून टाकलेले माप येथे नेमके बसत होते. वार बाहेर आल्यानंतर रक्त गोळा करून व तपासून त्यांनी ५५ मुलांना दिले आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नाळरक्तामुळे झाला असे म्हणता येईल असा गंभीर अपाय त्यांना आढळला नाही.

अकालजात अर्भकांना दुसऱ्या मुलांचे नाळरक्त देण्याचा विचार यानंतर रोममध्ये झाला. त्यामागील कारण टंचाईचे नसून शरीरक्रियेचे आहे. गर्भाच्या तांबड्या कोशिकांत गर्भीय हीमोग्लोबिन असते. ते ऑक्सिजन घट्ट धरून ठेवते व ऊतकांना बेताने देते. प्रौढ दात्याच्या रक्तातील हीमोग्लोबिन तो अधिक सहजपणे सोडते. अकालजात मुलास प्रौढांचे रक्त दोन-चार वेळा दिल्यावर त्याच्या शरीरातील बहुतेक गर्भीय हीमोग्लोबिन बदलले जाते आणि अपक्व ऊतकांना, विशेषतः डोळ्याच्या जालपटलास, अपेक्षेहून अधिक ऑक्सिजन मिळतो. अशा मुलांत अंधत्व आणणाऱ्या जालपटल-विकाराशी याचा संबंध असावा, अशी उपपत्ती लुचाना तेओफिली व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. मूल कोशिकांची संख्या अपुरी म्हणून नाळरक्तपेढ्यांनी नाकारलेल्या पिशव्यांतील तांबड्या कोशिका त्यांनी यासाठी वेगळ्या केल्या. त्यामुळे नाळ लवकर बांधण्याचे कारण उरले नाही. ते रक्त अन्यथा टाकूनच दिले जात होते. २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या मुलांवर २०२१ मध्ये सुरू केलेल्या यादृच्छिक चाचणीत, नाळरक्त-गटात घातलेल्या सर्व मुलांचा एकत्र विचार करता निर्णायक फरक दिसला नाही. त्यांपैकी काहींना योग्य गटाचे नाळरक्त वेळेवर उपलब्ध न झाल्याने प्रौढांचे रक्तही द्यावे लागले होते. ज्यांना ठरल्याप्रमाणे केवळ नाळरक्तच मिळाले, त्या मुलांत तीव्र जालपटल-विकार कमी प्रमाणात आढळला. अशा तऱ्हेची निवड करून काढलेला निष्कर्ष मोठ्या चाचण्यांनी पडताळून पहावा लागतो; आणि त्यासाठी प्रत्येक रक्तगटाचे नाळरक्त लागेल तेव्हा पुरवू शकतील अशा पेढ्या आधी उभ्या राहाव्या लागतील.